सोफ्याभोवती जाखडी

म्हसळा तालुक्यातल्या रघू नावाच्या शेतकऱ्याला स्वतःच्या मुलीचा नाच बघायचा होता. मागणी माफक होती. तिच्यासाठी कुणाच्या मंजुरीची गरज नव्हती, निदान रघूचा तसा समज होता.

अडचण एकच. रघू जाखडीत मृदंग वाजवायचा. ज्यांनी जाखडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं, की या नाचात गाणारे आणि मृदंगवाला मधोमध बसतात आणि पायात चाळ बांधलेले नाचणारे त्यांच्याभोवती गोल फिरतात. मध्ये बसणाऱ्याला मान मोठा, दिसत मात्र काही नाही. मृदंगवाल्याची मान खाली आणि नजर पायांवर. पाय चुकला की थापेने सावरायचा. दर गणपतीत प्रणाली आणि तिच्या मैत्रिणी रघूभोवती फिरल्या, आणि दर गणपतीत रघूने आपल्या लेकीच्या फक्त टाचा पाहिल्या.

"पोर नाचताना कशी हासते, म्हाईत हाय काय तुमाला?" त्याची बायको बायजा दरवर्षी विचारायची. "सारा गाव बघतो. तुमी जन्मभर तिचे पाय बघितलेत. एकदा तोंड बघा."

"बघू की फुडल्या साली," रघू दरवर्षी म्हणायचा.

पण आता पुढलं साल उरलं नव्हतं. माघात प्रणालीचं लग्न ठरलं होतं, मुलगा नालासोपाऱ्याचा. लग्न झाल्यावर पोरीने नाचायचं नाही हा गावाचा नियम. तो कुठेही लिहिलेला नाही, म्हणूनच पक्का. रघूने तो नियम इतरांच्या मुलींना लागू होताना अनेकदा पाहिला होता आणि मान डोलावली होती. आता तो आपल्या दारात आल्यावर त्याची मान डोलेना.

अशा वेळी अलिबागच्या 'किनारा प्रयोगकला महोत्सवा'चं बोलावणं आलं. महोत्सव भरवणाऱ्या संस्थेचं नाव 'लोककला संवर्धन, सक्षमीकरण व सत्कार समिती' असं होतं. बुडत चाललेल्या लोककलांना वर काढायचं आणि वर आल्यावर त्यांना हार घालायचा, असं तिचं धोरण होतं. प्रणालीच्या संघाची युवा विभागात निवड झाली होती. मात्र युवा विभागात म्हातारं माणूस चालणार नव्हतं, वादक म्हणूनसुद्धा. मृदंग शुभमकडे द्यावा लागला. शुभम रघूच्याच हाताखाली शिकलेला. हात बरा होता, लक्ष मात्र मोबाइलात.

आपल्याला काढून टाकलं हे ऐकून कोणीही रागावला असता. रघू खूश झाला. मृदंग नाही म्हणजे मध्ये बसणं नाही, म्हणजे समोर बसणं आलं. "बायजा, या टायमाला बघतोच," तो म्हणाला. बायजाचे गुडघे धरले होते, तिला एवढा प्रवास झेपणारा नव्हता. तिने त्याचा सदरा कडक इस्त्री करून दिला आणि बजावलं, "नीट बघा आन मला येऊन सांगा. हासते का न्हाय ते पयलं बघा."

मुली आदल्या दिवशीच टेम्पोने गेल्या. रघूला न्यायला त्याचा शाळेपासूनचा दोस्त जलील आला. जलील कुवेतला बरीच वर्षं काढून परतलेला. आता म्हसळ्यात मिनीडोअर रिक्षा चालवायचा आणि कुवेतमध्ये सगळं कसं वेळेवर होतं हे प्रवाशांना सांगायचा. दोघांनी दिघीला गाडी फेरीबोटीत चढवली, आगरदांड्याला उतरवली आणि जेवणवेळेच्या आत अलिबाग गाठलं.

मैदानाच्या कमानीखाली रुचिका नावाची तरुणी उभी होती. गळ्यात ओळखपत्र, हातात वॉकीटॉकी. ती मुंबईहून खास महोत्सवासाठी आलेली होती आणि आपल्याला कलेबद्दल फार प्रेम आहे हे तिच्या टी-शर्टवर लिहिलेलं होतं.

"काका, एन्ट्री फ्री आहे," ती हसून म्हणाली, "पण पास कम्पल्सरी आहे."

"पास कुठं भेटतो?"

"पास इन्व्हायटेड लोकांनाच असतो. तुम्हाला इन्व्हिटेशन आलं होतं?"

"माझी पोर नाचणार हाय."

"अच्छा, म्हणजे तुम्ही आर्टिस्टचे नातेवाईक. तुमच्यासाठी जनता कक्ष आहे ना, तिकडे डावीकडे."

जनता कक्ष बंगल्यांचे प्लॉट विकणाऱ्या स्टॉलच्या मागे होता. तिथून रंगमंच दिसत नव्हता. दिसत होता तो ध्वनिक्षेपकांचा उंच मनोरा आणि समुद्र दिसेल अशी हमी देणाऱ्या बंगल्याची जाहिरात. जनतेच्या सोयीसाठी मोठा पडदा लावलेला होता, पण त्यावरही तोच बंगला. अधूनमधून एक ड्रोन घोंघावत यायचा आणि स्वयंसेवक सांगायचे, टाळ्या वाजवा. लोक वाजवायचे. जनतेला कार्यक्रम दिसण्याची गरज नव्हती. कार्यक्रमात जनता दिसायला हवी होती.

जलील एक टाळी वाजवून थांबला. "रघू, आपण नाच बघायला आलो का नाचानं आपल्याला बघायचंय?"

"माझी पोर समोर नाचायची आन मी हितं बंगला बघू?" रघू म्हणाला. तो तडक उठला आणि पुन्हा रुचिकासमोर जाऊन उभा राहिला. समोर बसायला काय करावं लागतं, असं त्याने सरळ विचारलं.

रुचिकाची त्या वेळी वेगळीच धांदल चाललेली. समितीने सात ज्येष्ठ कलावंतांचे सत्कार जाहीर केले होते आणि त्यातले मुरुडचे एक ज्येष्ठ येत नव्हते. त्याच दिवशी पनवेलला त्यांचा दुसरा सत्कार होता आणि तिथली शाल जास्त जाड होती. सातवी खुर्ची रिकामी राहिली तर फोटोत भोक पडलं असतं.

रुचिकाने रघूकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काका, तुम्ही स्वतः आर्टिस्ट आहात का?"

"हुतो. मृदंग वाजवायचो. आता तुमच्या वयात बसत न्हाय."

"वयात बसत नाही?" तिचा चेहरा उजळला. "म्हणजेच तुम्ही ज्येष्ठ."

निवडीच्या वेळी ज्या वयामुळे रघू वगळला गेला होता, त्याच वयामुळे आता तो गौरवाला पात्र ठरला. यात कुठलीही विसंगती नव्हती, कारण हे दोन निर्णय दोन वेगवेगळ्या उपसमित्यांचे होते.

"आन समोर बसायला भेटंल?" रघूने खात्री करून घेतली.

"समोर काय काका, तुम्ही डायरेक्ट स्टेजवर."

रघूला वाटलं, स्टेजवर म्हणजे तर आणखीच जवळून. इथेच त्याची चूक झाली. कोकणातला माणूस मान मिळतोय म्हटलं की हात पुढे करतो, मग नाकापेक्षा मोती जड झाला तरी उतरवत नाही. बायजाने कडक इस्त्री केलेला सदरा कलावंताला शोभत नसल्यामुळे त्याच्यावर भाड्याचं जरीचं जाकीट चढलं. डोक्यावर भलाथोरला फेटा बसला. जलीललाही गळ्यात 'सत्कारमूर्ती साहाय्यक' असं ओळखपत्र घालून आत सोडलं.

"कुवेतला एवढी वर्षं काढली, कुणी पट्टा घातला नव्हता," जलील ओळखपत्र चाचपत म्हणाला. "आपल्या मुलखात इज्जत आहे बाबा."

रंगमंचावर मखमली सोफे मांडलेले होते. मधल्या सोफ्यावर समितीचे अध्यक्ष अल्पेशभाई बसले होते. ते बांधकाम व्यावसायिक आणि कलेचे जाणकार होते, याच क्रमाने. त्यांच्या शेजारी रघूला जागा मिळाली. समोर मान्यवरांची पहिली रांग, तिच्यात परीक्षक. विंगेत प्रणाली, केसांत आबोलीचा गजरा, पायात चाळ. बापाला फेट्यात पाहून ती तोंडावर हात धरून हसली. ते हसू हाताआड गेलं. रघूने मनाशी म्हटलं, असू दे, आता नाचताना दिसेलच.

दीपप्रज्वलन झालं. म्हणजे ते होत राहिलं. समुद्रावरचा वारा समितीला विचारून वाहत नव्हता. एका मान्यवरांनी वात लावली की दुसरे मेणबत्ती घेईपर्यंत ती विझायची. विझलेल्या वातीशी फोटो घेतला तर अपशकुन दिसतो म्हणून पुन्हा लावायची. अखेर समईला चारी बाजूंनी स्वयंसेवक उभे करून ज्योत वाचवण्यात आली. फोटोत समई दिसली नाही, पण ती पेटलेली होती असं निवेदकाने जाहीर केलं.

मग भाषणं सुरू झाली. विषय होता, लोककलांना वेळ दिला जात नाही. प्रत्येक वक्त्याने यावर भरपूर वेळ दिला. अल्पेशभाईंनी तर डोळे पुसून सांगितलं की आपल्या मातीतली कला आज कोपऱ्यात उभी आहे. ते खरंच होतं. ती विंगेच्या कोपऱ्यात उभी होती आणि तिचे पाय दुखायला लागले होते.

त्यानंतर सत्कार. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, मग फोटो, मग फोटोग्राफर नीट आला नाही म्हणतो म्हणून पुन्हा शाल. रघूला मिळालेलं स्मृतिचिन्ह लाकडी पेटीच्या आकाराचं होतं आणि त्यावर चुकून मुरुडच्या ज्येष्ठांचं नाव कोरलेलं होतं. रघूने ते मांडीवर उलटं धरलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा घोटाळा लक्षात आला. मैदान संध्याकाळी एका हळदी समारंभाला दिलेलं होतं. हळदीवाल्यांचा डीजे फाटकात येऊन उभा होता, आणि रायगडात कोणतीही समिती कितीही मोठी असो, हळदीच्या डीजेपुढे कुणाचं चालत नाही.

रुचिका अध्यक्षांच्या कानाशी लागली. "सर, दोन सत्कार बाकी आहेत आणि जाखडी पूर्ण बाकी आहे. काय कट करू?"

"सत्कार कसा कट करणार?" अल्पेशभाई म्हणाले. "सत्कार राहिला तर माणूस दुखावतो. नाच राहिला तर नाच थोडाच दुखावतो?"

रघूने हे ऐकलं आणि त्याचा जीव खाली-वर झाला. "सायेब," तो हात जोडून म्हणाला, "माझी पोर सकाळपासून चाळ बांधून उभी हाय. माघात तिचं लगीन हाय. मला तिचा नाच बघायचाय, बाकी काय नको. ही शाल घ्या परत."

अल्पेशभाई हेलावले. त्यांनी नाचाला एक झलक मंजूर केली. शिवाय युवा विभागातला उत्कृष्ट संघ पुढे मुंबईच्या महोत्सवाला जाणार असल्यामुळे परीक्षकांना काहीतरी दिसणं नियमाप्रमाणे आवश्यकही होतं.

आता प्रश्न उरला जागेचा. सोफे हलवायचे तर मान्यवरांनी खाली उतरायला हवं होतं. पण आधी कोण उतरणार? आधी उतरणारा धाकटा ठरतो. नगरातले एक प्रतिष्ठित अर्धे उठले, शेजारचे उठत नाहीत असं पाहिलं आणि विजार सारखी करून पुन्हा बसले. रघू एकटाच उठला, तर स्वयंसेवकांनी त्याला खांद्याला धरून बसवलं. सत्कारमूर्ती मध्येच उठली तर सत्कार बाद होतो, असं त्यांनी सांगितलं.

रुचिकाला मार्ग सुचला. तिने विंगेत जाऊन प्रणालीला विचारलं, "तुमच्या डान्समध्ये मध्ये कोणीतरी बसतं ना?"

"हो. गाणारे आणि मृदंगवाला."

"मग प्रॉब्लेम कुठे आहे? मध्ये सर बसलेत. तुम्ही गोल फिरा."

अशा रीतीने अलिबागच्या किनाऱ्यावर सोफ्याभोवती जाखडी सुरू झाली. गाणाऱ्या पोरींना आणि शुभमला ध्वनिक्षेपकाच्या मागे बसवलं, कारण फोटोत ते मधे येत होते. नाचणाऱ्या मुली सोफ्यांच्या मागून जाताना मखमलीआड लपायच्या आणि पुढून जाताना समई, फुलांचे गुच्छ आणि माइकचं टेबल यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून पाय उचलायच्या. रघू पुन्हा मधोमध. उभा जन्म जिथे बसला होता तिथेच, फक्त हातात मृदंग नव्हता.

त्याने मान वळवून मागे पाहिलं. "काका, समोर बघा," फोटोग्राफर ओरडला. समोर पाहिलं तेवढ्यात प्रणाली पुढे आली, आणि नेमक्या त्याच वेळी अल्पेशभाई जनतेला हात हलवायला उभे राहिले. दुसऱ्या फेऱ्याला ड्रोन आडवा आला. तिसऱ्या फेऱ्याला रघूचा फेटा डोळ्यांवर घसरला. तो सावरेपर्यंत तिची पाठ झाली होती. समोर बसलेल्या मान्यवरांचीही तोंडं दिसत नव्हती, तिथे नुसते मोबाइल उभे होते.

मग थाप डगमगली. ध्वनिक्षेपकाआड बसलेल्या शुभमला पाय दिसत नव्हते, तो अंदाजाने वाजवत होता. रघूला न बघता कळलं की पोरींचे पाय अडखळताहेत. एकीच्या चाळांचा आवाज मागे पडला, दुसरीचा पुढे धावला. पोरीची सगळ्यांदेखत फजिती होणार, एवढंच त्याच्या डोक्यात आलं आणि त्याची बोटं मांडीवरच्या स्मृतिचिन्हावर पडली. स्मृतिचिन्ह आतून पोकळ असल्यामुळे आवाज उत्तम आला. टेबलावरचा भाषणांचा माइक चालूच होता. थाप मैदानभर घुमली, चाळ पुन्हा एका ठेक्यात आले, जनता कक्षातून न सांगता टाळ्या पडल्या. फाटकात उभ्या असलेल्या डीजेवाल्यानेही मान डोलावली. रघूची मान खाली होती आणि नजर पायांवर. झलक संपली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की शेवटचे फेरे तर मोकळे मिळाले होते आणि आपण त्यातही टाचाच पाहिल्या.

तरी त्याने मनाची समजूत घातली. पोरी जिंकणार हे उघड होतं. मुंबईला जाऊ आणि तिथे तिकीट काढून, फेटाबिटा न घालता, खाली बसून बघू.

निकाल लगेच लागला. संघ बाद. वयोमर्यादा ओलांडलेल्या व्यक्तीने युवा विभागात वादन केलं, असं कारण परीक्षकांनी दिलं.

"अरे, पण त्यालाच तुम्ही आत्ता शाल दिलीत," जलील अध्यक्षांना म्हणाला. "वाजवतो म्हणून दिलीत ना?"

"वाजवत होते म्हणून दिली," अल्पेशभाईंनी शांतपणे दुरुस्ती केली. "सत्कार वाजवणं बंद केलेल्याचा असतो. काकांनी वाजवायला नको होतं. नियम एटले नियम, नियम म्हणजे नियम."

परत येताना फेरीबोटीवर रघू गाडीतून उतरलाच नाही. बाकी मुली टेम्पोने गेल्या, प्रणाली मात्र त्याच्याशेजारी बसली होती, खिडकीकडे तोंड करून. तिला राग आला होता का रडू, हे त्याला कळेना, कारण इथेही त्याला तिची फक्त वेणी दिसत होती. जलीलने एकदाच म्हटलं, "जाऊ दे रघू, इज्जत तर मिळाली," आणि मग आपल्याच बोलण्याची लाज वाटून तो गाडी पुसायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायजाने मोबाइल त्याच्यापुढे धरला. 'लोककलेचा जिवंत वारसा' या नावाने चित्रफीत साऱ्या तालुक्यात फिरत होती. तिच्यात मधोमध फेटेवाला रघू होता, शेजारी अल्पेशभाई, मागे बंगल्याची जाहिरात. कडेने मधूनच एखादं पाऊल यायचं आणि जायचं.

"पोर कुठं हाय ह्येच्यात?" बायजाने विचारलं.

"हाय. मागं हाय."

"मंग हासली का?"

रघूने मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. बायजाने त्याच्याकडे बघितलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आतल्या प्रणालीला हाक मारली. "प्रणाली, चाळ बांध गं. बा बघतोय तुझा."

प्रणाली बाहेर आली. बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता खाली बसून चाळ बांधले. मैत्रिणी आल्या, शुभम मृदंग घेऊन आला आणि मुकाट्याने मधे बसला. घरापुढच्या खळ्यात समिती नव्हती, सोफा नव्हता, वय विचारणारं कुणी नव्हतं. रघू खळ्याच्या कडेला, अगदी समोर उभा राहिला. एवढी चांगली जागा अलिबागला अध्यक्षांनाही मिळाली नव्हती. शुभमने पहिली थाप दिली.

"अवो, तुमी समोर हाव तर जरा शूटिंग घ्या की," बायजा म्हणाली आणि मोबाइल त्याच्या हातात दिला. "पोर नालासोपाऱ्याला गेल्यावर बघायला व्हईल."

म्हणणं रास्त होतं. रघूने मोबाइल दोन्ही हातांनी डोळ्यांपुढे धरला. उन्हाची तिरीप पडद्यावर येत होती आणि तिच्यात त्याला स्वतःच्याच मिशा दिसत होत्या. हात हलला तर चित्र बिघडेल म्हणून त्याने श्वास रोखला. नजर काढली तर पोर चौकटीबाहेर जाईल म्हणून नजरही काढली नाही. मुली फिरल्या, वाकल्या, उठल्या. शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून कौतुकाने काहीतरी म्हणाल्या. नाच संपला.

प्रणाली धापा टाकत त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. "बा, बघितलंस?"

"घेतलंय," रघू म्हणाला.

संध्याकाळी दोघं नवराबायको ओटीवर बसून ती चित्रफीत बघायला लागली. पाय फार सुरेख आले होते. सवयीचा हात, दुसरीकडे जातो कुठे?

रघूला हसू नका. गेल्या वर्षी तुमची मुलगी शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचली, तेव्हा तुम्हीही पहिल्या रांगेत हात उंच धरून उभे होतात, आणि मागच्यांना काही दिसत नव्हतं. ते चित्रण तुम्ही नंतर कधी उघडलंत? आणि नाचताना ती हसत होती का?